वारा आला की वाजणारी घंटा



कुठल्याही हस्तकलेच्या प्रदर्शनात शिरा, हे दुकान दिसायच्या आधी ऐकू येतं. नळ्या, शिंपले, बांबूच्या कांड्या, पितळेच्या चिमुकल्या घंटा, सगळं वर टांगलेलं आणि पंख्याच्या वाऱ्यावर किणकिणत असलेलं. आपण थांबतो, बोटानं एक नळी हलवून बघतो, किंमत विचारतो आणि "पुढच्या खेपेला बघू" म्हणून पुढे सरकतो. नाहीतर घेतो, हौसेनं बाल्कनीत टांगतो, आणि आठ दिवसांनी शेजारच्या काकू जिन्यात गाठून विचारतात, "अहो, ते रात्रीचं काढून ठेवता येईल का हो?"

तर आज या विंड चाइमबद्दल बोलू या. मराठीत अजून याला एक ठरलेला शब्द नाही. कुणी झुंबर म्हणतं, कुणी वाऱ्याची घंटा. मला दुसरा आवडतो, कारण त्यात खरी गोष्ट आहे: देवळातली घंटा माणूस वाजवतो, ही वारा वाजवतो.

ही वस्तू चिनी किंवा जपानी, असं आपण धरून चालतो. पण आपल्या देशात ती फार जुनी आहे. पाली भाषेतल्या महासुदस्सन सुत्तात एका चक्रवर्ती राजाच्या महालाचं वर्णन आहे. महालाभोवती घंट्यांच्या दोन जाळ्या, एक सोन्याची, एक रुप्याची. वारा आला की त्या हलत आणि कानाला गोड असा नाद होई. त्या जाळीला शब्द आहे 'किंकिणीजाल'. किंकिणी! त्या शब्दातच किणकिण ऐकू येते की नाही? मध्य प्रदेशात सतना जिल्ह्यात भरहुतला इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या शतकातला स्तूप होता. त्याचा दगडी कठडा आता कोलकात्याच्या इंडियन म्युझियममध्ये आहे. कठड्याच्या वरच्या दगडांवर, खालच्या कडेला, घंट्यांची सलग ओळ कोरलेली आहे. दगडाच्या घंटा काही वाजत नाहीत, पण कोरणाऱ्यानं खऱ्या टांगलेल्या पाहिल्या असणार, त्याशिवाय का कोरल्या?

बौद्ध धर्म पूर्वेकडे गेला तसा हा नादही गेला. ब्रह्मदेशातल्या पॅगोडांच्या शिखरावर छोट्या घंटा असतात, त्यांच्या लोलकाला पिंपळपानाच्या आकाराचं पान. चीनमध्ये लोयांग शहरात इसवी सन ५१६ मध्ये हू नावाच्या राजमातेनं योंगनिंग नावाचा विहार बांधवला. त्याचा लाकडी मनोरा इतका उंच आणि त्याच्या कोपऱ्याकोपऱ्याला इतक्या घंटा, की वाऱ्याच्या रात्री तो आवाज दहा ली, म्हणजे चारपाच किलोमीटर, ऐकू जाई, असं यांग श्वानझी या लेखकानं लिहून ठेवलं आहे. त्यानं लिहिलं तेव्हा मनोरा उरलाच नव्हता, ५३४ मध्ये आगीत गेला होता. एका बाईनं उभारलेल्या एवढ्या डोलाऱ्याची उभी आयुष्यरेषा जेमतेम अठरा वर्षांची. मला हे वाचल्यापासून आगीच्या ज्वाळांनी हललेल्या त्या घंटांचा विचार मनातून जात नाही. असो.

रोमन लोक घराच्या दारात आणि बागेत ब्राँझच्या घंटा टांगत, त्या मात्र गोडव्यासाठी नव्हे, दृष्ट लागू नये म्हणून. म्हणजे आपली लिंबू-मिरची किंवा काळी बाहुलीच म्हणा. पॉम्पेईच्या उत्खननात अशा घंटा सापडल्या. त्यांचे आकार असे, की नेपल्सच्या संग्रहालयात त्या 'गुप्त दालना'त ठेवलेल्या आहेत. ते दालन सर्वांसाठी कायमचं उघडलं २००० साली. आपल्या पानावर त्यांचं वर्णन करायला मला अजून थोडी वर्षं लागतील!

पण या घंटेवर खरी माया केली ती जपान्यांनी. तिला ते 'फूरिन' म्हणतात. देवळाच्या वळचणीच्या कोपऱ्यांना ब्राँझच्या जड घंटा असत, आणि जिथवर हा आवाज जाईल तिथवर अरिष्ट येत नाही अशी समजूत होती. पुढे अठराव्या शतकात एदोत, म्हणजे आजच्या टोकियोत, काचेच्या फूरिन होऊ लागल्या. सुरुवातीला काच महाग, त्यामुळे त्या श्रीमंतांकडेच दिसत. नंतर त्या साध्या घरांच्या ओसरीवर आल्या. काचेचा फुगा साच्याशिवाय, तोंडानं फुंकून करतात. आतून लोलक आणि त्याला खाली एक कागदाची लांब पट्टी. चित्र काढायचं ते काचेच्या आतल्या बाजूनं, म्हणजे पावसानं धुऊन जात नाही. आणि तोंडाची कड मुद्दाम खडबडीत ठेवतात. कड घासून गुळगुळीत केली तर लोलक नुसता घसरतो. खडबडीत असली की हलका वारासुद्धा त्याला 'चिरिन' असं बोलायला लावतो. आपण बाजारात बोट फिरवून "कड नीट घासलेली नाही" म्हणून वस्तू खाली ठेवतो ना, इथं उलटं आहे.

जपानी बायका ही घंटा उन्हाळ्यात लावतात आणि उन्हाळा सरला की काढून ठेवतात. कारण विचारलं तर म्हणतात, आवाज ऐकला की गार वाटतं. तिथला उन्हाळा आपल्या मुंबई-रत्नागिरीसारखा, घामाचा. अशा हवेत झुळूक आलेली अंगाला कळायच्या आधी कानाला कळते, आणि वर्षानुवर्षांच्या सवयीनं मन म्हणतं, आता बरं वाटेल. आपल्याला नाही का, पहिल्या पावसाआधी दूर कुठंतरी पत्रा वाजला की तेवढ्यानंच हायसं वाटतं, तसंच हे. कावासाकीच्या मोठ्या देवळात दर जुलैत या घंटांचा बाजार भरतो, आणि इवाते प्रांतात मिझुसावा स्टेशनच्या फलाटावर उन्हाळाभर बिडाच्या फूरिन टांगलेल्या असतात. त्या भागातली बिडाची किटली प्रसिद्ध आहे, तिच्याच घराण्यातली ही धाकटी बहीण.

हिमेजी गावच्या एका लोहार घराण्याची गोष्ट तर प्रत्येक गृहिणीनं ऐकावी अशी आहे. म्योचिन हे घराणं पिढ्यान्‌पिढ्या सामुराईंची चिलखतं घडवत असे. १८६८ नंतर सामुराई गेले, चिलखत कोण घेणार? मग त्यांनी शेगडीतले निखारे उचलायच्या लोखंडी सळ्या करायला घेतल्या, म्हणजे आपला चिमटाच, फक्त दोन सुट्या काड्यांचा. पुढे घरोघर गॅस आणि वीज आली, कोळसा गेला, सळ्याही गेल्या. तेव्हा, १९६० नंतरच्या दशकात, त्यांनी चार सळ्या वर्तुळात टांगून मध्ये लोलक सोडला. ठोकून घडवलेल्या त्या लोखंडाचा नाद इतका लांब आणि स्वच्छ निघाला, की ती घंटाच आता घराण्याची ओळख आहे. चिलखत, चिमटा, घंटा! लोखंड तेच, हात तेच.

आपल्याकडे याच्याशी नातं सांगणारं काम कच्छमध्ये आहे. भुजजवळच्या निरोणा आणि झुरा गावचे लोहार पत्र्याच्या घंटा करतात. गाईगुरांच्या, उंटांच्या गळ्यात बांधायच्या. पत्र्याचे तुकडे डाग न देता एकमेकांत अडकवून ठोकतात, वर तांब्या-पितळेची पूड आणि मातीचा लेप देऊन भट्टीत घालतात, आणि शेवटी हातोडीनं हलके ठोके देऊन स्वर जुळवतात. जीभ लाकडाची. गुराख्याला अंधारात आपलं जनावर आवाजावरून ओळखू यायला हवं, म्हणून हा सगळा खटाटोप. आता चरायला कुरणं कमी, तेव्हा याच घंटा दोरीत ओवून शहरातल्या प्रदर्शनात येतात. आपल्या बैलांच्या घुंगुरमाळाही पूर्वी अंगणात बसल्या बसल्या सांगत, कुणाची गाडी आली ते. म्हणून मी म्हणते, पैसे खर्च करायचेच असतील तर या कच्छी घंटांवर करा. खोक्यातून आलेल्या चकचकीत नळ्यांपेक्षा त्यांचा आवाज घराला जास्त शोभतो.

शिंपल्यांच्या झुंबरांचंही एक सांगते. त्यातले पांढरे, पातळ, अर्धपारदर्शक शिंपले फिलिपिन्सहून आलेले असतात. पण ते पाहून कुणा गोव्याच्या मैत्रिणीला माहेर आठवलं तर नवल नाही, कारण गोव्यातल्या जुन्या घरांच्या खिडक्यांना काचेऐवजी याच जातीचे शिंपले लाकडी चौकटीत बसवलेले असत. त्यातून येणारा दुधाळ उजेड ज्यांनी पाहिला आहे त्यांना सांगायला नको.

आता एका पत्राकडे वळते. मिरजेहून एका भगिनीनं लिहिलं आहे. यजमानांचं दुकान दोन वर्षं नीट चालत नाही. घर बघायला आलेल्या एका गृहस्थांनी सांगितलं, वायव्येला सहा पोकळ नळ्यांची घंटा लावा, ती त्यांच्याकडेच मिळेल, किंमत ३,२०० रुपये. बाई विचारतात, भिशीचे पैसे आले आहेत, त्यातून घेऊ का?

घेऊ नका.

फेंगशुई या शब्दाचा अर्थ 'वारा-पाणी'. घर कुठं बांधावं, पूर्वजांची थडगी कुठं असावीत, याचा विचार करणारी ती जुनी चिनी विद्या. आपल्याकडे तिचं वेड १९९० नंतरच्या दशकात पसरलं, आणि पसरलं ते वस्तू विकतच. एक पुस्तक पाच नळ्या म्हणतं, दुसरं सहा, तिसरं आठ. शास्त्र असतं तर इतके आकडे कशाला? तशाच नळ्यांची घंटा बाजारात चारपाचशे रुपयांत मिळते. वरचे पैसे कशाचे, तर तुमच्या काळजीचे. काळजीत असलेल्या बाईकडून पैसे काढणं फार सोपं असतं, कारण तिला काहीतरी करायचं असतं. नुसतं बसवत नाही. मी ते समजू शकते. पण ३,२०० रुपयांत दुकानाची उधारीची वही घेऊन दोघं एक दिवस एखाद्या हिशेबनिसाकडे बसलात, तरी निदान कुठं गळतंय ते कळेल. घंटेचा नाद आवडत असेल तर जरूर लावा, वायव्येला लावा नाहीतर जिथं वारा येतो तिथं लावा, पण स्वस्तातली लावा. आणि यजमानांना 'तुमच्यासाठी आणली' असं सांगू नका. दुकान चाललं नाही की तिची किणकिण त्यांना टोचेल.

घरीच करायची असेल तर सांगते, फार अवघड नाही. पडद्याची ॲल्युमिनियमची सहा फुटी नळी घ्या. सरकत्या खिडक्या बसवणारा कारागीर ती कापून भोकंही पाडून देईल. आता नळीचा एक स्वभाव लक्षात ठेवा. तानपुऱ्याची तार अर्ध्यावर दाबली तर स्वर एक सप्तक वर जातो, पण नळी अर्धी कापली तर दोन सप्तकं वर जातो. त्यामुळे अंदाजानं कापू नका. भूप रागाचे पाच स्वर आपल्याला पुरे. सा, रे, ग, प, ध. भूपात एकमेकांना अगदी चिकटलेले स्वर नाहीत, म्हणून वारा कसाही वेडावाकडा वाजवो, कानाला बोचत नाही. सा साठी नळी ४० सेंटिमीटर घेतलीत तर रे ३७.७, ग ३५.८, प ३२.७ आणि ध ३१. बेरीज केलीत तर सहा फुटांत बसते, कापताना जाणारा चुरा धरून.

भोक कुठं पाडायचं, हे सगळ्यात महत्त्वाचं. बाजारातल्या निम्म्या घंटा इथंच मार खातात. टाळाची कड धरून वाजवलात तर नुसता 'खट्' होतो, दोरीला धरलात तर घुमतो. तसंच नळीचं. ती वाजते तेव्हा सगळी थरथरते, पण दोन जागा स्थिर राहतात: वरच्या टोकापासून आणि खालच्या टोकापासून लांबीच्या साधारण २२ टक्क्यांवर. दोरी त्या जागी बांधली तर नाद लांबतो, अगदी टोकाला बांधली तर दबतो. वरच्या मापांसाठी भोक टोकापासून अनुक्रमे ९, ८.४, ८, ७.३ आणि ६.९ सेंटिमीटरवर येईल. भोकाची कड कानशीनं घासून घ्या, नाहीतर ती महिन्याभरात दोरी कापते. पाचही नळ्यांची वरची टोकं एका रेषेत ठेवा, मध्ये लाकडी चकतीचा लोलक टोकांपासून साधारण १८ सेंटिमीटर खाली, आणि चकती ते नळी दोन बोटांचं अंतर. खाली वारा धरायला पान हवं. जुनी सीडी चालते, मुलांना तेवढंच रंगवायला काम.

अमेरिकेत गॅरी क्विस्टॅड या तालवाद्य वाजवणाऱ्या संगीतकारानं पहिली घंटा कचऱ्यात टाकलेल्या बागेतल्या खुर्चीच्या ॲल्युमिनियम नळ्या कापून केली, ती प्राचीन ग्रीक पंचस्वरी सप्तकात. त्यातून १९७९ साली वुडस्टॉक चाइम्स ही कंपनी उभी राहिली. तेव्हा मोडक्या घडीच्या खुर्चीकडे जरा आदरानं बघा!

घरात ज्येष्ठ माणूस असेल तर या घंटेचा एक खराखुरा उपयोग आहे, आणि तो कुठल्याच दुकानदारानं मला सांगितलेला नाही. सासूबाईंची किंवा आईची नजर मंदावली असेल तर दाराला घंटा लावा, अशी की दार हललं की ती वाजेल. कोण आलं, दार उघडं राहिलं का, हे त्यांना न विचारता कळतं. न्हाणीघराच्या दाराला वेगळ्या जातीची, बांबूची लावा. म्हणजे रात्री उठल्यावर हात त्या दारावर पडला की आवाजच सांगतो, बरोबर आलात. उगाच चार ठिकाणी चार टांगू नका, गोंधळ होतो. आणि एक जपा: वयानुसार बारीक, उंच आवाज सर्वात आधी ऐकू येईनासे होतात. आपल्याला जी चिमुकली शिंपल्यांची किणकिण फार गोड वाटते, ती सत्तरीतल्या बाईंना कदाचित ऐकूच येणार नाही. लांब, जाड नळीचा किंवा बांबूचा खालचा, भरदार आवाज त्यांना पोचतो. म्हणून विकत घेताना त्यांनाच सोबत न्या, आणि डोळे मिटून ऐकायला सांगा. निवड त्यांचीच असू द्या. नजर गेली की बऱ्याच निवडी इतरांच्या हातात जातात, एवढी तरी त्यांच्या हाती राहील.

कबुतरं येऊ नयेत म्हणून ही घंटा लावावी का, असं पुष्कळजणी विचारतात. दोन-चार दिवस बिचकतात. मग त्याच सळईवर बसून घुमतात. त्यापेक्षा जाळी बरी.

शेजाऱ्यांचा प्रश्न मात्र हसण्यावारी नेऊ नका. जपानातसुद्धा आता इमारती दाटीनं उभ्या राहिल्यावर फूरिनवरून कुरबुरी होतात. आपला आवाज आपल्याला संगीत असतो, दुसऱ्याच्या भिंतीपलीकडून तोच ठणका होतो. त्यातून कुणी आजारी असेल, कुणाची रात्रपाळी असेल, तान्हं बाळ असेल. रात्री दहाच्या आत खालचं पान वर गुंडाळून रबरबँड लावा, लोलक थांबतो. सोसाट्याच्या वाऱ्याला तोंड करून टांगूच नका, आडोशाला टांगा. बेडरूमच्या खिडकीसमोर कुणाचीही नको, आपलीही नको. आणि पाळण्यावर तर कधीच नाही: दोरी आणि सुटलेला शिंपला या दोन्ही गोष्टी बाळाच्या हातात जाणाऱ्या आहेत. काचेची असेल तर माणसांच्या डोक्यावरून जाण्याच्या वाटेवर नको.

राहता राहिली निगा. कोकणपट्टीत लोखंडाला गंज आणि पितळेला हिरवा राप चढणारच, तिथं ॲल्युमिनियम उत्तम. पितळ चिंच आणि मिठानं घासा, लगेच धुऊन कोरडं पुसा. पण शिंपल्यांना चिंच, लिंबू, व्हिनेगर चुकूनही लावू नका. शिंपला चुन्याचा, आंबट लागलं की झिजतो आणि चमक कायमची जाते. त्याला कोमट पाणी, थोडा साबण आणि दात घासायचा मऊ जुना ब्रश पुरे. बांबूला पावसाळ्यात बुरशी येते, मृगाआधी काढून कोरड्या फडक्यात बांधून माळ्यावर ठेवा, दिवाळीच्या सफाईत पुन्हा टांगा. सुती दोरा पावसात कुजतो, नायलॉनचा उन्हात ठिसूळ होतो. कुठलाही असो, वर्षातून एकदा ओढून बघा आणि शंका आली तर बदला. बदलताना पाचही दोऱ्या एकदमच बदला, नाहीतर एक नळी खाली लोंबते आणि लोलक तिला चुकवून जातो.